आवडता वेज कसा निवडावा? पुण्यातल्या गोल्फ खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेज म्हणजे ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळच्या) छोट्या, उंच फटक्यांसाठीचा तिरप्या चेहऱ्याचा क्लब. नवे-जुने खेळाडू त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी पायाभूत आहेत, पुढचे अडनिडे. उत्तरं साधारण १२ ते २८ हँडिकॅपच्या (आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला) हौशी खेळाडूला समोर ठेवून लिहिली आहेत. सिंगल हँडिकॅपवाल्यांची मतं पक्की असतात, ती बदलायच्या फंदात आम्ही पडत नाही. अंतरं यार्डांत आणि कोन अंशांत दिले आहेत.

१. आयर्नच्या सेटसोबत पिचिंग वेज आलाच आहे. मग आणखी वेज कशाला?

पिचिंग वेज हा खरं तर सेटमधला शेवटचा आयर्न. पूर्ण स्विंग मारून शंभर-सव्वाशे यार्डांवरून ग्रीन गाठायला तो बनवलेला असतो. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), ग्रीनच्या काठच्या दाट गवतात किंवा झेंडा अगदी पुढे असताना त्याचा लॉफ्ट (बॉलला लागणाऱ्या चेहऱ्याचा तिरपेपणा) कमी पडतो आणि अरुंद तळ जमिनीत घुसतो. त्या कामांसाठी वेगळे वेज असतात: गॅप वेज साधारण ५० ते ५२ अंशांचा, सँड वेज ५४ ते ५६चा, लॉब वेज ५८ ते ६०चा. यातले सगळे लागतातच असं नाही. किती घ्यायचे ते प्रश्न ४ आणि ५ मध्ये आहे.

२. दुकानदार "५६-१२" म्हणतो. ५६ म्हणजे लॉफ्ट हे कळलं, पण १२ कशाचे?

बाउन्सचे. वेज जमिनीवर टेकवून बाजूने बघा. पुढची धार किंचित अधांतरी असते आणि तळाचा मागचा भाग आधी टेकलेला असतो. तळाच्या त्या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. गवंडी थापी फिरवताना तिची पुढची कड जराशी उचलून धरतो म्हणून ती गिलाव्यावरून सरकते. कड दाबली की रुतते. वेजचं तसंच आहे. बाउन्स जास्त असेल तर क्लब जमिनीवरून सरकतो, कमी असेल तर आत शिरतो.

ही कल्पना रुजवण्याचं श्रेय जीन सॅराझेनला दिलं जातं. त्या काळचे निब्लिक (जास्त लॉफ्टचे जुने आयर्न) धारदार तळाचे होते आणि वाळूत खोल जायचे. सॅराझेनने तळाच्या मागच्या बाजूला धातू चढवून तो जाड केला आणि १९३२ची ब्रिटिश ओपन असा क्लब बॅगेत घेऊन जिंकली. म्हणजे सँड वेजचा शोध लॉफ्टपेक्षा तळाचा आहे. दुकानात मात्र नव्वद टक्के गप्पा लॉफ्टच्याच होतात.

ढोबळमानाने ४ ते ६ हा कमी बाउन्स, ७ ते १० मध्यम आणि त्याच्या वर जास्त. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. रुंद तळाचा ८ बाउन्सवाला वेज अरुंद तळाच्या १० वाल्यापेक्षा जास्त सरकू शकतो. शिवाय बॉलला लागताना हात पुढे झुकले की जितके अंश शाफ्ट (दांडा) झुकला तितका बाउन्स कमी होतो. १० बाउन्सचा क्लब घेऊन शाफ्ट ६ अंश पुढे झुकवलात, तर जमिनीला लागताना हातात ४च उरतात. उलट क्लबचा चेहरा उघडला (बाहेरच्या बाजूला वळवला) की बाउन्स वाढतो.

३. पुण्यात खेळायला किती बाउन्स बरा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओत मिळत नाही. तिकडे "मऊ जमिनीला जास्त बाउन्स, कडक जमिनीला कमी" एवढं सांगून मोकळे होतात. आपल्याकडे तोच फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) वर्षभरात दोन्ही असतो.

जून ते सप्टेंबरमध्ये सपाटीवर पाणी मुरत नाही, काळी माती फुगते आणि वेज लोण्यात गेल्यासारखा आत जातो. बॉलच्या अर्धा इंच मागे लागलं तरी बॉल जागच्या जागी आणि चिखल तोंडावर. या दिवसांत १२च्या आसपासचा बाउन्स जीव वाचवतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. सकाळी दव असतं, नऊनंतर जमीन घट्ट पण लवचिक. इथे मध्यम बाउन्सने सगळं निभतं. मार्चपासून मेपर्यंत पाण्याची ओढ असते. फेअरवेवर टक्कल पडलेल्या जागा दिसतात, माती तडकते. तिथे जास्त बाउन्सचा रुंद तळ आपटून उसळतो, धार बॉलच्या मध्यावर लागते आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडे.

त्यात एक मेख आहे. मे महिन्यातही ग्रीनला आणि त्याच्या कडेच्या पट्ट्याला पाणी मिळतं. त्यामुळे साठ यार्डांवरची जमीन फरशीसारखी असली, तरी ग्रीनपासून पाच पावलांवरची मऊ असू शकते. म्हणजे एकाच होलवर दोन ऋतू. टेकडीवरच्या आणि सपाटीवरच्या मैदानांतही फरक पडतो. बावधन-लवळे बाजूच्या ऑक्सफर्डवर चढ-उतारांमुळे पाणी वाहून जातं, पण बॉल सपाट जागी क्वचितच थांबतो. येरवड्याच्या पूना क्लबवर झाडांखालची सावली आणि त्यामुळे विरळ झालेलं गवत हिशोबात धरावं लागतं.

आमचं मत असं: एकच वेज बारा महिने वापरणार असाल तर १० बाउन्स, तळ मध्यम रुंदीचा आणि टाचेकडून (शाफ्टजवळच्या बाजूने) थोडा घासलेला. फक्त थंडीत खेळणाऱ्याला ८ पुरतो. पावसाळ्यातही न चुकता येणारे जे थोडे शूर आहेत त्यांनी १२ घ्यावा. आणि तुमच्या स्विंगचा कल याहून वेगळा असेल (प्रश्न ८), तर ऋतूपेक्षा स्विंगचं ऐका.

४. एकच वेज घ्यायचं बजेट आहे. कोणता घेऊ?

५६ अंश, १० किंवा १२ बाउन्स. बंकरमधून निघतो, चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) होते, पन्नास यार्डांचा अर्धा स्विंग बसतो. फक्त एक तपासा: तुमचा पिचिंग वेज ४४ किंवा त्याहून कमी अंशांचा असेल, तर ५६ घेतल्यावर मध्ये मोठं भगदाड पडतं. तेव्हा ५४चा विचार करा, किंवा पुढचा प्रश्न वाचा.

५. दोन वेजमध्ये किती अंशांचं अंतर ठेवायचं?

चार ते सहा. आधी स्वतःच्या पिचिंग वेजचा लॉफ्ट शोधा. तो सहसा क्लबवर लिहिलेला नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात सापडतो. पूर्वी पिचिंग वेज ४८ अंशांचा असायचा. आता नवख्यांसाठीच्या सेटमध्ये तो ४१ ते ४४पर्यंत खाली आला आहे, म्हणजे जुन्या नऊ नंबरच्या आयर्नलाच पिचिंग वेज म्हणून विकतात. "माझा पिचिंग वेज एकशेतीस जातो" या फुशारकीमागचं रहस्य बहुतेक वेळा हेच.

पिचिंग वेज ४४चा असेल तर ५० आणि ५६ असे दोन छान बसतात. ४६चा असेल तर ५२ आणि ५८, किंवा ५० आणि ५५. चौथा वेज हवाच असेल तर वरचा एखादा क्लब काढावा लागेल. हौशी खेळाडूच्या बॅगेतला तीन नंबरचा आयर्न तसाही झोपलेलाच असतो, तो काढायला हरकत नाही. चौदा क्लबांच्या मर्यादेबद्दल प्रश्न १९ पाहा.

६. टीव्हीवर सगळे ६०चा वापरतात. मी थेट लॉब वेजच घेतला तर?

घ्या, पण पहिला म्हणून नको.

टायगर वुड्सच्या बॅगेत वर्षानुवर्षं ५६ आणि ६० आहेत. फिल मिकेलसन तर ६४चाही वापरलेला माणूस. पण ही मंडळी दिवसाचे तासन्‌तास ग्रीनभोवती घालवतात. जास्त लॉफ्टच्या क्लबला बॉल पुढे न्यायला जास्त वेग लागतो, आणि वीस यार्डांसाठी मोठा स्विंग मारायला धीर लागतो. मध्येच घाबरून हात आवरले की बॉल दोन यार्ड जातो. उंच गवतात तर क्लब बॉलच्या खालून निघून जातो आणि बॉल तिथेच वर उडून खाली पडतो.

पुण्यात उन्हाळ्यातल्या उघड्या जमिनीवर ६० घेऊन उंच फ्लॉप मारणं हा शौक आहे, गरज नव्हे. पूना क्लबवर प्रो स्पर्धा असेल तेव्हा जरूर जा, पण टी-बॉक्सपेक्षा चिपिंगच्या सरावाच्या जागी उभे राहा. बॉल किती वेळा जमिनीलगत पळवला जातो ते मोजा.

५६ हातात पक्का बसला असेल आणि तरीही बॉल झेंड्याच्याच बाजूला ग्रीनबाहेर अडकून पार स्कोअर हुकत असेल, तर ५८ आणा. आमच्या मते हौशी खेळाडूला ५८ हा ६०पेक्षा जास्त उपयोगी पडतो.

७. ग्राइंडची अक्षरं बघून डोकं चालत नाही. सोपं करून सांगाल का?

ग्राइंड म्हणजे तळ कुठून किती घासून काढला आहे. क्लब नेहमी सरळ ठेवून खेळत असाल तर पूर्ण तळ चालतो. चेहरा उघडून खेळत असाल तर टाच घासलेली हवी, नाहीतर उघडल्यावर टाच जमिनीला टेकून पुढची धार वर उचलली जाते.

व्होकीच्या (टायटलिस्ट कंपनीच्या वेजच्या) अक्षरांत सांगायचं तर एफ हा सरळ खेळणाऱ्यांचा पूर्ण तळ. एस थोडा मागून घासलेला. एम टाच, टोक आणि मागची कड अशा तिन्ही बाजूंनी घासलेला, म्हणून चेहरा उघडायला सोयीचा. डी हा तशाच वळणाचा पण जास्त बाउन्सचा, के रुंद तळाचा, टी अरुंद आणि कमी बाउन्सचा. दुसऱ्या कंपन्यांची अक्षरं वेगळी असतात आणि एकाचं एस दुसऱ्याच्या एसशी जुळेलच असं नाही. म्हणून अक्षरापेक्षा तळ उलटा करून बघायची सवय लावा. एस किंवा एम यांपैकी काही घेतलंत तर फार चुकणार नाही.

८. चार वेज समोर आहेत. यातला माझा कोणता हे कसं ठरवू?

आधी स्वतःचा डिव्हट, म्हणजे फटक्यासोबत निघालेला गवत-मातीचा तुकडा, बघा. पोळीएवढा मोठा, खोल तुकडा निघत असेल, तर तुम्ही वरून खाली मारता. तुम्हाला जास्त बाउन्स हवा. गवत फक्त चाटलं जात असेल, तर कमी ते मध्यम.

मग मैदानावर चाचणी. दुकानातल्या जाळीत किंवा मॅटवर वेज निवडू नका (का ते प्रश्न २० मध्ये आहे). चिपिंग ग्रीनजवळ तीन जागा निवडा: कापलेला तंग फेअरवे, बोटभर गवत आणि एक उघडी, मातीची जागा. तुम्ही राउंडमध्ये जो बॉल वापरता तोच घ्या. प्रत्येक वेजने प्रत्येक जागेवरून दहा बॉल एकाच झेंड्याकडे मारा. झेंड्याला चिकटलेले बॉल मोजू नका, त्यांच्यावर प्रत्येकजण भाळतो. फसलेले मोजा: किती जमिनीत गेले आणि किती मध्यावर लागून पळाले. ज्याने सगळ्यात कमी फसवलं तो तुमचा.

एवढ्यानंतर दोघांत बरोबरी झाली तर डोळ्यांना विचारा. काहींना पुढची धार सरळ लागते, काहींना गोलसर; चमकदार क्रोम दुपारच्या उन्हात डोळ्यांवर येतो म्हणून काहीजण काळसर फिनिश घेतात. बॉलमागे ठेवल्यावर "हा बसलाय" असं वाटलं पाहिजे. वाटलं नाही तर तुम्ही तो हातात घेण्याआधी दरवेळी कचराल.

निवडून झालं की त्या एकाच वेजची तीन अंतरं काढा: हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत आणि पूर्ण. हातावर किंवा स्कोअरकार्डच्या मागे लिहून ठेवा. आवडता वेज विकत मिळत नाही. या तीन अंतरांवरचा भरवसा जसा वाढतो तसा तो आवडता होतो.

९. ग्रीनभोवती सगळीकडे एकच आवडता वेज वापरू, की जागेप्रमाणे क्लब बदलू?

दोन्ही पंथ जुने आहेत. एकाच क्लबने सगळं केलं की स्पर्श पक्का होतो, पण एकाच क्लबने कमी-जास्त उंची काढायला मनगटं कसलेली लागतात. आम्ही सुचवतो ते मधलं: आवडता ५६ हा पाया, आणि ग्रीन लांबवर मोकळी असेल तेव्हा पिचिंग वेज किंवा आठ नंबरने बॉल पळवायचा. स्विंग तोच, क्लब वेगळा.

गवताचा मुद्दाही यातच येतो. उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत असतं, ते आणि आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, एकाच जातीचं. मैदानांवर त्याचे संकरित वाण लावतात, पण स्वभाव तोच: आडवं पसरायचं आणि एका दिशेला झोपायचं. चिप त्या झोपेच्या विरुद्ध दिशेने मारायची असेल तर वेजची धार पात्यांत अडकते आणि हातातला क्लब थबकतो. अशा वेळी लॉफ्ट कमी करा, किंवा सरळ पटर (ग्रीनवर बॉल लोळवायचा क्लब) काढा. पटर काढण्यात कमीपणा काही नाही. काठावर बसलेले कॅडीकाका बहुतेक वेळा तोच हातात देतात आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

१०. पावसाळ्यात गवतावर वेज छान चालतो, बंकरमध्ये मात्र बॉल थेट पलीकडे उडतो. असं का?

कारण पावसाने गवताखालची जमीन मऊ होते आणि बंकरमधली वाळू घट्ट बसते. जास्त बाउन्सचा वेज, त्यातून चेहरा उघडलेला, अशा वाळूवर आपटून उसळतो. तेव्हा चेहरा उघडू नका, सरळ ठेवा. किंवा गॅप वेज घ्या, त्याचा बाउन्स सहसा कमी असतो. बॉलच्या जरा जवळ मारा आणि स्विंग लहान ठेवा, कारण घट्ट वाळूतून बॉल जोरात निघतो. उन्हाळ्यातल्या भुसभुशीत वाळूत याच्या उलट: चेहरा उघडा, बाउन्सला काम करू द्या.

बॉल वाळूत अर्धा रुतला असेल तर तिथेही बाउन्स आड येतो. पिचिंग वेज घ्या, चेहरा किंचित बंद करा आणि मागे दणका द्या. बॉल निघेल, पण थांबणार नाही, हे धरून चाला.

बंकरमध्ये पाणी साचलं असेल तर बंकरच्या आतच, झेंड्याच्या जवळ न जाता, दंडाशिवाय बॉल हलवता येतो. बंकरबाहेर न्यायचा असेल तर एक फटक्याचा दंड.

११. माझा बॉल ग्रीनवर थांबतच नाही. वेज बदलू का?

आधी बॉल बदला. कठीण आवरणाचा स्वस्त टू-पीस बॉल कितीही महागड्या वेजने मारला तरी फारसा थांबत नाही. युरेथेन आवरणाच्या बॉलला वेजच्या खाचा धरतात. त्याची किंमत जास्त आहे आणि पाण्यात गेला की वाईट वाटतं, हेही खरं.

दुसरं, खाचा पुसून घ्या. ओल्या गवतात बॉल आणि चेहरा यांच्यामध्ये पाणी येतं, घर्षण कमी होतं, बॉल चेहऱ्यावरून वर सरकतो. तो उंच उडतो पण फिरक कमी घेतो. पावसाळ्यात आणि दवात हे कोणत्याही वेजने होणारच. टॉवेल कोरडा ठेवा आणि बॉल पळणार असं गृहीत धरून अलीकडे टाका. एवढं करूनही कोरड्या दिवशी बॉल पळत असेल, तर पुढचा प्रश्न.

१२. खाचा झिजल्या हे कसं कळतं? पुन्हा धार लावून मिळते का?

नख फिरवून बघा. कड लागत नसेल, किंवा चेहऱ्याच्या मध्यभागी गुळगुळीत डाग दिसत असेल, तर वय झालं. खूप सराव करणाऱ्यांचा सँड वेज आधी जातो, कारण वाळू खाचा घासते. म्हणून बंकरच्या सरावाला जुना वेज ठेवण्याची युक्ती चांगली आहे.

खाचा कोरायचं हत्यार मिळतं, पण स्पर्धा खेळत असाल तर त्या वाटेला जाऊ नका. २०१० पासून नव्या क्लबांच्या खाचांचं आकारमान आणि कडांची धार यांवर नियमांची मर्यादा आली आहे. २५ अंश किंवा त्याहून जास्त लॉफ्टच्या क्लबांत कडेची गोलाई किमान ०.०१० इंच लागते. हाताने कोरून ती राखली गेली की नाही हे घरी मोजता येत नाही.

१३. रॉ फिनिशचा (वर मुलामा नसलेला) वेज गंजतो म्हणतात. पुण्याच्या पावसात घ्यावा का?

गंजणं हेच त्याचं काम आहे. चकाकी येत नाही म्हणून लोक घेतात. गंजामुळे फिरक वाढते हा मात्र गैरसमज. चेहरा गंजला तरी चालतो, खाचांत गंजाचे थर बसू देऊ नका.

खेळून झाल्यावर कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश, कोरडं फडकं आणि महिन्यातून एकदा हलकं मशीन ऑइल. जुलैमध्ये ओली बॅग गाडीच्या डिकीत आठवडाभर ठेवलीत तर क्रोमवाल्यालाही ठिपके पडतात. आळशी माणसाने क्रोमच घ्यावा.

१४. माझे आयर्न ग्राफाइट शाफ्टचे आहेत. वेज स्टीलचा चालेल?

चालेल, पण वजनातला फरक बघा. आयर्नचा शाफ्ट साठ-सत्तर ग्रॅमचा आणि वेजचा एकशेवीसच्या वर, असं झालं की पूर्ण स्विंगची लय बिघडते. वेज फक्त चिप आणि बंकरपुरता असेल तर जड डोकं आणि जड शाफ्ट उलट मदतच करतात. ज्येष्ठ खेळाडू आणि बऱ्याच महिला खेळाडूंना हलक्या शाफ्टचा ५४ सोयीचा जातो.

१५. बॉल सारखा डावीकडे जातो. दोष माझा की वेजचा?

वेजचाही असू शकतो. लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांतला कोन) जास्त उभा असला की टोक वर राहतं आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे जातो. लॉफ्ट जितका जास्त तितकी ही ओढ जास्त, त्यामुळे सात नंबरला न जाणवलेला दोष वेजला दिसतो. फिटरकडे लाय बोर्डवर तपासून घ्या.

१६. माझा ५६ वाकवून ५४ करून मिळेल का?

मिळतो, अंश-दोन अंशांपर्यंत. पण लॉफ्ट जितका कमी कराल तितकाच बाउन्सही कमी होतो: ५६-१२ चा ५४-१० होतो. उलट ५८ कराल तर बाउन्स १४. पावसाळ्यात जमिनीत घुसणारा वेज अंशभर उघडून घेणं हा नवा वेज घेण्याआधीचा स्वस्त उपाय आहे.

१७. जुना वेज घेतला तर फसवणूक होईल का?

नामांकित कंपनीचा नवा वेज पाच आकडी रकमेला जातो, म्हणून जुन्यांचा बाजार जोरात आहे आणि बनावट मालही फिरतो. लॉफ्ट-बाउन्सचे कोरलेले आकडे पुसट किंवा वाकडे, डोकं आणि शाफ्टमधली काळी फेरूल बसलेली नाही, अक्षरांचा रंग सांडलेला, आणि किंमत विश्वास बसू नये इतकी कमी: यातलं काहीही दिसलं तर सोडून द्या. खरा असला तरी खाचा तपासा (प्रश्न १२). ड्रायव्हर जुना घेणं शहाणपणाचं ठरू शकतं; झिजलेल्या खाचांचा वेज मात्र स्वस्तातही महाग पडतो.

१८. वेजऐवजी चिपर (ग्रीनजवळून बॉल पळवायचा पटरसारखा क्लब) वापरला तर स्पर्धेत चालतो का?

चालतो, चेहरा एकच असेल आणि ग्रिप गोल असेल तर. दोन्ही बाजूंनी मारता येणारा चिपर नियमबाह्य आहे, कारण दोन चेहऱ्यांची मुभा फक्त पटरला आहे. पटरसारखी सपाट ग्रिपही चिपरला चालत नाही.

१९. राउंडमध्ये मित्राचा वेज मारून बघितला तर? आणि माझा मोडला तर?

रविवारच्या गमतीच्या खेळात कोण बघतंय. स्पर्धेत मात्र मैदानावर खेळत असलेल्या दुसऱ्या कोणाचाही क्लब वापरता येत नाही. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब सापडले तर स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक होलला दोन फटके, जास्तीत जास्त चार. मॅच प्लेमध्ये प्रत्येक चुकीच्या होलमागे एक होल वजा, जास्तीत जास्त दोन. नवा वेज "बघू या" म्हणून बॅगेत टाकताना जुना काढायचं राहून जातं, आणि हा दंड नेमका तेव्हा बसतो. चौदापेक्षा कमी क्लब घेऊन निघाला असाल तर वाटेत भर घालता येते.

खेळताना वेज दगडावर आपटून वाकला, तर तसाच वापरा, दुरुस्त करा किंवा बदला; २०२३ पासून बदलायलाही मुभा आहे. रागाने आपटून तुम्हीच मोडला असेल तर बदली नाही. हरवलेल्या क्लबलाही नाही.

२०. रेंजवर मॅटवर वेज सुरेख लागतो, मैदानावर फसतो. क्लब खराब आहे का?

मॅट खोटं बोलते. बॉलच्या दोन इंच मागे लागलं तरी क्लब प्लॅस्टिकवरून सरकत पुढे जातो आणि बॉल उडतो. तोच फटका जुलैच्या मातीत मेला असता. मॅटवर अंतर मोजा, संपर्क तपासायचा तर गवतावर जा. गवत मिळत नसेल तर बॉलच्या मागे चार बोटांवर टॉवेल पसरा. टॉवेलला लागलं तर दोष क्लबचा नाही.

२१. मी मुंबईहून पुण्यात आलो. वेजची अंतरं बदलतील का?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवा थोडी विरळ, त्यामुळे बॉल साधारण दोन टक्के जास्त जातो. ऐंशी यार्डांच्या फटक्यात हे दीड-दोन यार्ड. ड्रायव्हरला जाणवेल, चिपला अजिबात नाही. मुंबईच्या दमट, मऊ जमिनीवरून आल्यावर खरा धक्का बसतो तो एप्रिलमधल्या इथल्या कडक फेअरवेचा. त्यासाठी प्रश्न ३.

२२. मुलगा बारा वर्षांचा आहे. माझा जुना सँड वेज कापून देऊ का?

नको. शाफ्ट कापला की तो आणखी ताठ होतो, डोकं मात्र मोठ्या माणसाच्या वजनाचंच राहतं. ते उचलण्यासाठी मूल खांदे आणि पाठ वापरायला लागतं, आणि ती सवय नंतर प्रशिक्षकाला मोडावी लागते. ज्युनियर मापाचा, हलक्या शाफ्टचा ५६ मिळतो. दोन वर्षांत तो लहान पडेल, तेव्हा दुसऱ्या एखाद्या पालकाला विकून टाका. असे क्लब लगेच जातात.